टेंभरे सरांची चुकलेली ओळ

फोन सकाळी सव्वादहाला आला. पुण्यात ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी हेल्मेट काढत होते. ओमेश्वर कटरेचा नंबर दिसला. ओमेश्वर म्हणजे इंजिनीअरिंगला असतानाचा माझा प्रॅक्टिकलचा जोडीदार, आणि आता गोंदियाच्या त्याच कॉलेजात शिकवणारा. फोनवर तो कधी 'कशी आहेस' वगैरे विचारत नाही, थेट मुद्द्यावर येतो.  त्या दिवशी मात्र आधी मागचा पोरांचा गलका ऐकू आला, कोणीतरी 'पानी लाओ, पानी' म्हणत होतं. मग तो म्हणाला, "वंदना, सर गेले व." कोणते सर, असं मी विचारलं नाही. आमच्या दोघांच्या बोलण्यात 'सर' म्हणजे एकच. "पहिल्या तासाले येऊन राहिले होते. जिन्यावर बसले, म्हणे जरा दम लागला. मी धरलं त्यायले... धरूनच होतो."  मी हेल्मेट पुन्हा डोक्यावर घातलं आणि काही वेळ तशीच उभी राहिले. 

याला आता काही आठवडे झाले. डुलीचंद टेंभरे हे नाव या पुरवणीच्या वाचकांनी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. त्यांनी पुस्तक लिहिलं नाही, त्यांना पुरस्कार मिळाला नाही, गोंदिया जिल्ह्याबाहेर त्यांना ओळखणारे आम्ही विद्यार्थीच. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना ते एकच विषय वर्षानुवर्षं शिकवत राहिले, ऑपरेटिंग सिस्टिम. ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. कॉम्प्युटरचं यंत्र आणि आपण त्यावर करतो ती कामं, यांच्या मधोमध बसलेला कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. यंत्राला मेंदू एक आणि मागणारे शंभर. कोणाला कधी, किती वेळ, कोणाच्या आधी, हे सगळं तो ठरवतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागू देत नाही. पुस्तकात याच्या व्याख्या असतात. त्या पाठ करून पास होता येतं, आमच्या आधीचे सगळे तसेच झाले होते.

दोन हजार सालाच्या आगेमागची गोष्ट. कॉलेज नवं होतं, गावाबाहेर, तिन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं. लॅबमध्ये अकरा मशीन, त्यातली सात चालणारी. टेंभरे सर पहिल्या दिवशी वर्गात आले ते पायात चपला, पांढरा शर्ट बाहेर, आणि काखेत जाडजूड तीन रजिस्टरं घेऊन. आम्हाला वाटलं हजेरीची असतील. त्यांनी एक उघडून पहिल्या बाकावर ठेवलं. आत हाताने लिहिलेला प्रोग्राम होता, बारीक, सरळ अक्षरात, पानामागून पान. एका लहानशा ऑपरेटिंग सिस्टिमचा पूर्ण प्रोग्राम, नागपूरला शिकत असताना वाचनालयात बसून पुस्तकातून उतरवून घेतलेला. त्यांच्याकडे तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. सडक अर्जुनीजवळच्या आपल्या गावी सुट्टीत गेले की बांधावर बसून ते ही रजिस्टरं वाचत. पुढे मशीन हाताशी येईपर्यंत त्यांना त्यातली ओळ न ओळ कळली होती. "लोकं मले म्हणत, काऊन वाचून राहिला रे, चालवाले तर मशीन नाही," असं ते सांगायचे, आणि मग म्हणायचे, "मी चालवत होतो न. डोक्यात." मी बिरसीजवळच्या खेड्यातून आलेली, इंग्रजी पुस्तकाचं पान उघडलं की लगेच मिटून ठेवणारी मुलगी. ती रजिस्टरं पाहून मला पहिल्यांदा वाटलं की ही विद्या माणसाला हाताने लिहून घेता येते, म्हणजे ती माणसांचीच असणार.

त्यांचं वेळापत्रक साधं होतं. लाइट असली की प्रॅक्टिकल, लाइट गेली की थिअरी. दिवसातून दोन-तीनदा लाइट जायची, त्यामुळे दोन्ही बाजू सांभाळल्या जायच्या. प्रोग्रामची प्रत्येक ओळ ते आधी मराठीत वाचून दाखवायचे. 'जर जागा मोकळी असेल तर आत जा', 'जोवर रांगेत कोणी आहे तोवर पुढच्याला बोलाव', अशी. शहरातली मुलं हसायची. "सर, ये तो मराठी का पीरियड हो गया," असं कोणीतरी म्हणालं, तेव्हा सर न हसता म्हणाले, "जे तुले तुझ्या बोलीत सांगता येत नाही, ते तुले समजलं नाही." सर फारसे हसत नसत, हेही सांगायला हवं. रागावले की समोरच्याची पर्वा करत नसत. अभ्यासक्रम त्यांचा कधीच वेळेत पूर्ण झाला नाही, प्राचार्यांनी त्यांना त्यावरून बोलावून घेतल्याचं आम्हाला दर वर्षी कळायचं. देवमाणूस वगैरे मी म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे पाहून इतका विस्मय वाटावा असा माणूस मला नंतर भेटलेला नाही.

एका दुपारी लाइट गेली ती येईचना. सर म्हणाले, चला. आम्ही अडतीस जण त्यांच्या मागून चालत छोट्या लाइनच्या एका स्टेशनापर्यंत गेलो. तेव्हा आमच्याकडे नॅरोगेजची छोटी गाडी होती, डोलत डोलत जंगलातून जाणारी. लाइन एकच, तिच्यावरूनच जायचं आणि यायचं. स्टेशनमास्तर सरांच्या ओळखीचे होते. त्यांनी आम्हाला खोलीतलं लाल रंगाचं लोखंडी यंत्र दाखवलं. त्यातून एक धातूचा गोळा निघतो. तो गोळा ज्या ड्रायव्हरच्या हातात, त्यालाच पुढे जायची परवानगी. पुढच्या स्टेशनावर तो गोळा तिथल्या यंत्रात पडत नाही तोवर इथलं यंत्र दुसरा गोळा सोडतच नाही, मग कोणी कितीही ओढाताण करो. गाडी आली, थांबली नाही, नुसती मंदावली, आणि फलाटावरच्या माणसाने ज्याच्या पिशवीत तो गोळा होता ते वेताचं कडं ड्रायव्हरच्या हातात अडकवलं. गाडी गेली. सर एवढंच म्हणाले, "दोघं एकाच वेळी आत जाऊ नये, यासाठी जगानं जे शोधलं ते हे. आपण हेच लिहिणार हाओ, लोखंडाशिवाय."  पुस्तकातलं 'सेमाफोर' नावाचं, एका वेळी एकालाच आत सोडण्याबद्दलचं प्रकरण, जे मी तीनदा वाचून तीनदा सोडून दिलं होतं, ते मी त्या संध्याकाळी एका बैठकीत वाचलं.

कारण सरांनी ठरवलं होतं की आम्ही व्याख्या लिहायच्या नाहीत, ऑपरेटिंग सिस्टिम लिहायची. दोघादोघांनी मिळून, अगदी लहान, एका फ्लॉपीवर मावेल अशी. माझा जोडीदार ओमेश्वर नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावचा. घरात पोवारी बोली बोलायचा, वर्गात जवळपास काहीच बोलायचा नाही, पण बोटं अशी चालायची की मी बघत राहायचे. महिनाभर धडपडून आम्ही पहिली फ्लॉपी तयार केली. मशीनमध्ये घातली, बटण दाबलं, फ्लॉपीने नेहमीसारखी घरघर केली आणि काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात एकच अक्षर उमटलं. आम्हीच ठरवलेलं, मुळाक्षरांतल्या 'क'ला जवळचं म्हणून इंग्रजी के. पुढे काही नाही. आम्ही सरांना बोलावलं. ते चपला दाराबाहेर काढून आले, पाठीमागे हात बांधून त्या अक्षराकडे इतका वेळ पाहत राहिले की मला वाटलं काहीतरी चुकलं. मग म्हणाले, "समजलं का हे काय झालं? या अक्षराच्या खाली आता दुसरं कोणी नाही. यंत्र आन् तुम्ही दोघं, बस." ओमेश्वरने माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते.  आजवर मी अनेक मोठी कामं केली, मोठ्या पडद्यांवर. त्या एका अक्षराएवढं काही मोठं वाटलेलं नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला बसले.

कुलपाचा भाग, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारा प्रोग्रामचा तुकडा, सरांनी स्वतः लिहून सगळ्यांना दिला होता. बाकीचं आमचं. आमची सिस्टिम चालायला लागली, तीन-तीन कामं एकदम करू लागली. आणि मग अधूनमधून गोठू लागली. दिवसभर नीट चालायची आणि अचानक थांबायची, कधी पडद्यावर दोन कामांची अक्षरं एकमेकांत मिसळून जायची. पुन्हा चालू करावं तर पुन्हा नीट. दुसऱ्या जोड्यांची इतकी पुढे गेलीच नव्हती, त्यामुळे हा त्रास फक्त आमचा. ओमेश्वरने कामांची अदलाबदल करणारा भाग लिहिला होता. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला सरांसमोरच ते गोठलं. सरांनी ओमेश्वरचा प्रोग्राम पाहिला. तो इतका सुबक होता की... मला आता वाटतं, तेच नडलं. सर म्हणाले, "कटरे, हे तुझं नाही. कुठून तरी उतरवलंस आन् समजून घेतलं नाहीस, म्हणून असं होऊन राहिलं." सगळी लॅब ऐकत होती. ओमेश्वर म्हणाला, "माहंच हाय, सर." "मंग अटकते कायले?"  मी बाजूला उभी होते. मला माहीत होतं की त्याने प्रत्येक ओळ माझ्यासमोर लिहिली आहे. मी एक शब्द बोलले नाही. सरांचा राग पाहून जीभ उचलली नाही, हे आजही लिहिताना जड जातं. ओमेश्वरने फ्लॉपी काढली, माझ्या हातात दिली, आणि निघून गेला.

सुट्टीत मी घरी होते. घरी कॉम्प्युटर कुठला असणार. मी सगळा प्रोग्राम कागदावर उतरवला, अंगणात बसले, आणि स्वयंपाकघरातून तीन झाकण्या आणल्या. एक झाकणी म्हणजे एक काम. एकेका ओळीवरून त्यांना सरकवत न्यायचं, आणि मध्येच कुठेही थांबवून दुसरीला चालवायचं, मशीन करतं तसं. माय धान पाखडत होती. "का करून राहिलीस व बाई? झाकण्या दे, भात शिजून राहिला." मी म्हटलं, थोडं थांब. दोन झाकण्यांनी काही बिघडत नव्हतं. तिसरी आणली की कधीतरी बिघडायचं. तिसऱ्या दिवशी मी ते पाहिलं. पहिली आत होती. दुसरी दाराशी झोपली होती, म्हणजे आपली पाळी येईपर्यंत थांबलेली. पहिली बाहेर आली, दुसरीला जागं केलं. पण दुसरी उठून आत जायच्या आधी तिसरी आली, तिला दार मोकळं दिसलं, ती आत शिरली. आणि दुसरी, जिला जागं केलं होतं, ती न पाहता तिच्या मागून आत गेली. दोघी आत. मी पुन्हा केलं. दहादा केलं. ओमेश्वरच्या ओळींत काही नव्हतं. चूक कुलपात होती, सरांच्या तीन ओळींत. 'जर जागा मोकळी नसेल तर झोप. जाग आली की आत जा.' जाग आल्यावर पुन्हा पाहायला हवं होतं, ते कोणी सांगितलंच नव्हतं.

मला आनंद झाला नाही. सरांची चूक! ज्यांनी अख्खं रजिस्टर डोक्यात चालवलं, त्यांची. सुट्टी संपली, ओमेश्वर आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याच्या गावचा एक मुलगा म्हणाला, तो आता येत नाही म्हणे, घरची शेती पाहतो. मग मात्र मी कागद आणि झाकण्या पिशवीत घालून सरांच्या खोलीत गेले. टेबलावर झाकण्या मांडल्या, काही न बोलता चालवून दाखवल्या. सरांनी एकदा पाहिलं. म्हणाले, पुन्हा. मी पुन्हा केलं. त्यांनी कागद उचलला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. बाहेर कापणी चालू होती. मी आता बोलणी खायला तयार होते.  ते वळले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो प्रोग्रामबद्दल नव्हता. "बाई, ओमेश्वरले माहीत हाय का हे?" मी म्हटलं, तो कॉलेजातच येत नाही, सर. त्यांनी लगेच विचारलं, "त्याचं गाव कोणतं?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला त्यांनी फळ्यावर त्या तीन ओळी लिहिल्या. वर लिहिलं, डुलीचंद टेंभरे. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "हे मी लिहिलं. हे चूक हाय. कटरेचं बरोबर होतं, तुमच्या सगळ्यायच्या समोर मी त्याले खोटा म्हटलं. मी पाहिलं नाही, फक्त बोललो." आणि मला पुढे बोलावून झाकण्या चालवायला सांगितल्या. अडतीसच्या वर्गात त्या दिवशी सदतीस होते. मी शिक्षक रागावताना पाहिले होते, शिकवताना पाहिले होते. फळ्यावर आपलं नाव लिहून त्याखाली आपली चूक लिहिणारा शिक्षक मी पहिल्यांदा पाहत होते. आणि तरी सर म्हणाले, एवढ्याने झालं नाही. तास संपल्यावर ते, मी आणि माझी एक मैत्रीण, असे तिघं काळी-पिवळी जीपमध्ये बसून ओमेश्वरच्या गावी निघालो.

त्या दिवशी गावात मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा होती. दुकानं लागली होती, भोंगा वाजत होता, पण ओमेश्वरच्या घराला कुलूप. सगळे वावरात, कोणीतरी म्हणालं, रात्री डुकरं येतात, कापणी थांबवून चालत नाही. आम्ही बांधाबांधाने गेलो. ओमेश्वर, त्याची माय आणि वडील ओळीने वाकून कापत होते, मागे कापलेल्या धानाच्या कडपा पडत होत्या. ओमेश्वरने आम्हाला पाहिलं आणि तो सरळ उभा राहिला, पण पुढे आला नाही. सरांनी पँट दुमडली, चपला बांधावर ठेवल्या आणि बांधीत उतरले. आधी त्याच्या वडिलांसमोर गेले. "काका, मी याचा मास्तर. मी तुमच्या पोराले वर्गात चोर ठरवलं. चूक माही होती." त्याचे वडील उंच, हाडकुळे, विळा हातातच. त्यांनी सरांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग ते इथं कायले सांगता जी? वर्गात म्हटलं होतं, तर वर्गात सांगाचं होतं." सर म्हणाले, "तिथं सांगून आलो." वडिलांनी जरा विचार केला. "विळा चालवता येते का?" "येते." त्यांनी आपल्या बायकोच्या हातातला विळा घेऊन सरांना दिला. त्यानंतर दोघं पोवारीत बोलू लागले, मला निम्मंच कळत होतं, कुठल्या धानाला किती दिवस लागतात असलं काहीतरी. सरांचा हात सराईत होता. मी आणि मैत्रीण कडपा उचलत राहिलो. ओमेश्वर एका टोकाला, सर दुसऱ्या टोकाला, आणि मधलं उभं धान हळूहळू कमी होत होतं.

शेवटची ओळ कापून झाली तेव्हा ते दोघं समोरासमोर आले. सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याआधीच ओमेश्वर म्हणाला, "कोणती लाइन, सर?"

तो घरी जाऊन गप्प बसला होता खरा, पण प्रोग्राम त्याच्या डोक्यात चालूच होता. सर खाली बसले आणि बांधाच्या ओल्या मातीत विळ्याच्या टोकाने त्या तीन ओळी लिहिल्या. ओमेश्वर वाकून पाहत राहिला. त्याचे वडीलही वाकले, जणू त्यांनाही वाचता येणार होतं. किती वेळ लागला सांगू? मला तीन दिवस लागले होते. त्याने तिथल्या तिथे बोटाने पहिल्या ओळीतला एक शब्द पुसला. "'जर' नाही पाहिजे, सर. 'जोवर' पाहिजे. जोवर जागा मोकळी नाही, तोवर झोप. म्हणजे उठला का पुन्हा पाहीन." एका शब्दाची चूक होती. सर त्या पुसलेल्या जागेकडे पाहत होते, आणि मी त्या दोघांकडे. सरांच्या चेहऱ्यावर पराभव नव्हता, लाज होती आणि तिच्यापेक्षा मोठं काहीतरी होतं. त्यांना ते उत्तर सुंदर वाटत होतं. आपल्याला चूक ठरवणारी गोष्ट सुंदर वाटू शकते, हे मी तिथे पाहिलं. ओमेश्वरचे वडील म्हणाले, "एवढ्यासाठीच अडलं होतं का? मंग जाय उद्यापासून."

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. शेवटच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमची सिस्टिम तास-दीड तास चालवून पाहिली, तिला अडवायचा प्रयत्न केला, ती अडली नाही. "किसने बनाया?" असं त्यांनी तीनदा विचारलं. थिअरीत आमचे बरेच जण कसेबसे निघाले, दोघं राहिले, पालक भांडायला आले, आणि सरांनी त्या दोघांना सुट्टीत घरी बोलावून शिकवलं. त्यानंतर दर वर्षी नव्या मुलांना सर पहिल्याच आठवड्यात तो जुना तीन ओळींचा कागद देत, वर स्वतःचं नाव तसंच ठेवून, आणि सांगत की यात माझी चूक आहे, ती शोधा. खाली शोधणाऱ्यांची नावं लिहिलेली असत, पहिलं माझं, दुसरं ओमेश्वरचं. मी त्यांना एकदा म्हटलं, सर, माझं काढा, मी त्या दिवशी लॅबमध्ये बोलले नव्हते. ते म्हणाले, "ते ओमेश्वरले सांग." मी सांगितलं. ओमेश्वर म्हणाला, "माहीत हाय मले. तू झाकण्या फिरवल्या न." आम्ही तो विषय पुन्हा काढला नाही.

नोकरीला लागल्यावर अडलं की मी सरांना फोन करायचे. एकदा एका कारखान्याच्या यंत्राचं कंट्रोलर आठवड्यातून एकदा बंद पडायचं, दहा जणांची टीम महिनाभर हैराण. मी फोनवर सगळं सांगितलं. सर ऐकून घेत, मध्ये 'हं' सुद्धा म्हणत नसत, लाइन कटली की काय असं वाटायचं. शेवटी म्हणाले, "बाई, झाकण्या काढ." मी ऑफिसच्या कँटीनमधून कपांच्या बश्या आणल्या. माझ्या हाताखालची मुलं माझ्याकडे पाहत राहिली. दोन तासांत सापडलं. त्यानंतर आमच्या टीममध्ये बश्या कोणी परत नेऊन ठेवत नाही.

ते गेल्यावर मला लगेच निघता आलं नाही. पाच आठवड्यांनी गोंदियाला गेले तेव्हा त्यांच्या घरी गेले. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एकट्याच होत्या, मुलगी सासरी परत गेली होती. काकूंशी माझी ओळख चहापुरती. सरांनी कधी त्या दोघांच्या आयुष्याबद्दल सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बसल्यावर काकू म्हणाल्या, बरं झालं आलीस, एक काम आहे, आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. टेबलाखालचा कॉम्प्युटर चालू होता. पडदा काळा, पण डब्याचा पंखा फिरत होता. "ते त्या दिवशी सकाळी तसाच ठेवून गेले. म्हणत, दुपारी येतो. मी बंद नाही केला. कसा करतात मले माहीत नाही, आन् बटण दाबलं, आन् त्यायचं काही पुसलं गेलं तर? ओमेश्वर दोनदा आला, पण त्याले या खोलीत येववत नाही." इन्व्हर्टरच्या जिवावर ते मशीन पाच आठवडे चालत होतं. काकू रोज त्यावरची धूळ पुसत होत्या.

मी पडद्याचं बटण दाबलं. अर्धी टाइप केलेली प्रश्नपत्रिका होती, चौथा प्रश्न मधेच थांबलेला. मी ती जपून ठेवली, ओमेश्वरसाठी एक प्रत घेतली. मग काकूंना विचारलं, बंद करू? त्या म्हणाल्या, "आधी सांग, तू काय करशीन ते." इतकी वर्षं ज्या माणसाने हा एकच विषय शिकवला, त्याच्या घरात तो विषय कोणी विचारला नव्हता. मी आज्ञा दिली, पडद्यावर ओळी धावू लागल्या, आणि मी एकेक सांगत गेले. आता तो आत चालू असलेल्या प्रत्येक कामाला निरोप धाडतो, की आता थांबायचं आहे, तुझं आवरून घे. मग वाट पाहतो. जे ज्याचं हातात आहे ते नीट ठेवलं जाऊ देतो, काही अर्धवट असेल तर लिहून घेतो. सगळ्यांचं आवरलं की मगच स्वतः जातो. काकू पडद्याकडे पाहत होत्या. "सगळ्यायले विचारूनच जाते?" "हो, काकू." त्या म्हणाल्या, "हे तर तसेच गेले..."

पंखा थांबला. ती खोली एकदम इतकी शांत झाली की बाहेर पेरूच्या झाडावर पोपट होते ते आत्ता ऐकू आलं. मला वाटलं काकू रडतील, म्हणून मी खांद्यावर हात ठेवायला पुढे झाले. पण त्यांनी सरांची खुर्ची ओढली, तिच्यात बसल्या, पदराने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "आता चालू कसा करतात ते सांग. तू नको हात लावू. मीच दाबतो." मी बटण दाखवलं. त्यांनी ते दाबलं, थोडा जास्तच वेळ. पंखा फिरला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उमटल्या आणि भरभर वर सरकू लागल्या. काकू पुढे वाकल्या आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. ओळ बोटाखालून निसटून वर गेली.

"हळू," त्या मशीनला म्हणाल्या. "वाचू तर दे."